आधारगट चालवताना तो रडगाणं किंवा प्रवचन होऊ नये म्हणून काय करावं?

पाऊलवाट:
आम्ही आठ जणांचा आधारगट सुरू करतोय, आठवड्यातून एकदा भेटायचं. कुणाची नोकरी गेलीय, कुणाच्या घरी लांबलेलं आजारपण आहे, दोघांनी जवळचं माणूस गमावलंय. काही श्रद्धाळू, काहींची श्रद्धा डळमळलेली, एक जण नास्तिक. आपल्याला आतून काय होतंय ते प्रत्येकाला कळावं आणि कशावर तरी भरवसा ठेवता यावा, एवढाच हेतू. बैठक कशी आखावी? लिहिण्याचा खरंच उपयोग होतो का? आणि देवाचा विषय काढावा की टाळावा?

ओसरी:
आठ ही संख्या चांगली. पाचाच्या खाली गेलात तर दोघं गैरहजर राहिले की बैठकच बारगळते. दहाच्या वर गेलात की गप्प बसणारे गप्पच राहतात. दीड तास धरा. आधी पाच मिनिटं शांत बसणं, मग प्रत्येकाला सात मिनिटं, म्हणजे छप्पन्न. त्यानंतर वीस मिनिटं मोकळी चर्चा आणि उरलेला वेळ मदतीच्या वाटपाला. घड्याळ बघणारा माणूस दर आठवड्याला बदला.

त्या सात मिनिटांत कुणी मध्ये बोलायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाच्या, अनेक बैठकांत हीच शिस्त असते. सल्ला आला की बोलणारा स्वतःकडे बघायचं सोडून आपली बाजू मांडायला लागतो. चर्चेतही आधी विचारा, "नुसतं ऐकू की काही सुचवू?"

कुणी रडायला लागलं तर लगेच पाणी पुढे करू नका, पाठ थोपटू नका. आपण ते मायेनंच करतो, पण समोरच्याला "आता पुरे" असं ऐकू येतं आणि तो डोळे पुसून "सॉरी" म्हणत विषय बदलतो. पाणी आणि रुमाल मधोमध ठेवा, त्याला हवं तेव्हा तो घेईल.

मदतीचा भाग कधीही गाळू नका. "काही लागलं तर सांग" म्हटलं की मागण्याचं ओझं दुःखी माणसावरच पडतं. "मंगळवारी दुपारी तुझ्या आईपाशी मी बसतो, तू दोन ते पाच झोप" असं नेमकं बोला आणि तेवढं पाळा. माणसांवरचा विश्वास अशा पाळलेल्या शब्दांनीच परत येतो. उसनवारी मात्र गटात नको. पैसे अडकले की माणूस यायचाच बंद होतो.

टिपणवही:
लिहिण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मनाला घाव घालणाऱ्या अनुभवाबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं होतं. अशा लिहिण्याचा फायदा सरासरीनं माफक असतो, सगळ्यांना होतोच असंही नाही. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन आणखी जड होतं, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका. घाव अगदी ताजा असेल तर थांबा. एखादा विषय पेलवेनासा झाला तर तो तिथेच सोडून दुसरा घ्या.

बहुतेकांचं चुकतं ते "माझ्याच वाट्याला का?" या प्रश्नाभोवती फिरत राहण्यात. त्यातून मन तेच तेच उगाळतं. त्याऐवजी कधी, कुठे, काय झालं ते लिहा. "मी खचलोय" या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. "अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो. आज तीन फोन उचलले नाहीत, कारण हप्त्याचा तगादा असेल असं वाटलं" यातून भीती नेमकी कशाची ते कळतं. त्या "कारण"पाशी पोहोचणं महत्त्वाचं. वही कुणाला दाखवायची नाही, गटात त्यातलं एखादं वाक्य सांगितलं तरी पुष्कळ.

उंबरठा:
देवाचा विषय टाळू नका, पण दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायला जाऊ नका. "देवाची इच्छा", "यातून चांगलंच होईल", "पूर्वकर्म" हे तीन शब्दप्रयोग पहिल्याच दिवशी बाद करा. मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांच्या संशोधनाचा रोख असा, की श्रद्धेचा आधार वाटतो तसा तिचा जाचही होऊ शकतो. देव मला शिक्षा करतोय, त्यानं मला टाकलं, या भावनेसोबत मनाचा त्रास जास्त आढळतो. म्हणून देवावरचा राग उघड बोलू द्या. दुष्काळात घरची माणसं गमावलेले तुकोबाही विठ्ठलाशी कडाकडा भांडलेच, आणि त्यांच्या भक्तीला त्यानं उणेपणा आला नाही.

सुरुवातीच्या पाच मिनिटांत श्रद्धाळूंनी मनात नाम घ्यावं, नास्तिकानं श्वासाकडे लक्ष द्यावं. मोठ्यानं प्रार्थना म्हटली की कुणीतरी बाहेरचा ठरतो.

रोज रात्री दोन ओळी लिहा: आज बळ कशानं मिळालं, आणि कशानं गेलं. सहा आठवड्यांनी सगळ्या ओळी एकत्र वाचा. आपण खरोखर कशाच्या आधारावर उभे आहोत ते तिथे दिसतं, आणि ते आपल्या समजुतीपेक्षा बऱ्याचदा वेगळं निघतं. दुःखातून प्रत्येकानं मोठंच व्हायला हवं, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. वाढ झाली तरी वेदना सोबत राहू शकते.

सावध:
एक गोष्ट राहिली. दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं दिसलं तर डॉक्टरांकडे जायला सांगा, शक्यतो सोबत जा. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या. इथलं बोलणं बाहेर न नेण्याच्या नियमाला हा एक अपवाद असेल, हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा. श्रद्धेच्या भरात कुणी चालू गोळ्या बंद करत असेल तर तिथेच थांबवा.

पाऊलवाट:
आभार. आणि जो बोलतच नाही त्याचं काय?

ओसरी:
त्याची सात मिनिटं त्याचीच ठेवा. "पुढे जा" म्हणायची मुभा द्या, कारण विचारू नका. त्याच्याकडे एखादं काम सोपवा, चटया घालणं किंवा घड्याळ बघणं. मदतीच्या वाटपात मात्र त्याला धरा, घेणारा म्हणूनही आणि देणारा म्हणूनही.