कॅलिफोर्नियातली प्रायमरी आणि लहान पक्ष
प्रायमरी (मुख्य निवडणुकीआधी उमेदवार ठरवणारी मतदानाची फेरी) सर्वांना खुली केली की लहान पक्षांना संधी मिळते, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियाचंच बघा. २०१० च्या प्रॉपोझिशन १४ (मतदारांनी मंजूर केलेला नियमबदल) नंतर तिथे पक्ष कुठलाही असो, प्रायमरीतले पहिले दोघंच नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत लढतात (अध्यक्षपद यातून वगळलंय). २०१६ ला अमेरिकी सिनेटच्या जागेसाठी जूनच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर ३४ नावं होती. नोव्हेंबरला उरल्या कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ, दोघीही डेमोक्रॅट! ग्रीन, लिबर्टेरियन हे दोन्ही लहान पक्ष गायब, आणि नाव हाताने लिहून मत द्यायचीही सोय नाही. प्रायमरीच्या वेळी या लहान पक्षांचं ऐकतो कोण? निवडून येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं हो, पण नोव्हेंबरला लोक कान देतात तेव्हाच त्यांना मैदानाबाहेर काढणं मला अन्यायाचं वाटतं.