'येशूलाच विचारावं लागेल': नम्रपणा की निसटणं?

कॉलेजरोडकर:
काल झोप येईना म्हणून एक जुनी उलटतपासणी वाचायला घेतली, आणि उरलीसुरली झोपही गेली. तारीख १४ ऑगस्ट २०१५. (आपल्याकडे तेव्हा तपोवनात साधुग्राम वसत होतं, त्यामुळे नाशिकमध्ये कुणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं.) संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणारा ऑस्ट्रेलियाचा रॉयल कमिशन, आणि समोर व्हिडिओवर जेफ्री जॅक्सन. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचं सात जणांचं नियमन मंडळ होतं, त्यातला हा एक. जगभरच्या अनुयायांनी काय मानायचं ते हे मंडळ ठरवतं.

पंथाच्याच दप्तरातून निघालेला आकडा असा: १९५० पासून ऑस्ट्रेलियात १,००६ जणांवर आरोप, आणि पंथाने स्वतःहून पोलिसांत नेलेलं प्रकरण एकही नाही. आरोपी नाकारत असेल तर दोन साक्षीदार आणा, हा आतला नियम. बंद खोलीतल्या गोष्टीला पोरानं दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?

आयोगाचे वकील अँगस स्ट्युअर्ट यांनी बायबलच उघडलं. शेतात एकट्या गाठलेल्या मुलीचा उतारा आहे, तिथे दुसरा साक्षीदार मागितलेला नाही. येशूला विचारलं असतं तर त्याने याच उताऱ्याकडे बोट दाखवलं नसतं का? यावर जॅक्सन म्हणतो, मलाही येशूला विचारायला आवडेल, पण सध्या ते शक्य नाही.

मला तरी हे सरळसरळ निसटणं वाटलं. तुम्हाला?

सिडकोतले मास्तर:
निसटणं कसलं हो? माणूस चक्क 'माहीत नाही' म्हणतोय. आपल्याकडच्या एका तरी महाराजांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकलेत का? देवाचे एकमेव प्रवक्ते तुम्हीच का, असं विचारल्यावर तसं म्हणणं आगाऊपणाचं ठरेल, असंही तो म्हणाला. मुलाच्या पालकांना पोलिसांत जायला बंदी नव्हती, हेही पंथाने सांगितलंय.

शिवाय लहान पंथावर सगळ्यांचं बोट चटकन वळतं. राष्ट्रगीताला उभी राहिली पण गायली नाहीत म्हणून केरळात तीन मुलांना शाळेतून काढलं होतं, ती याच पंथाची. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हाही लोक असेच तुटून पडले होते.

कॉलेजरोडकर:
मास्तर, त्या मुलांच्या बाजूने मीही उभा राहीन. पण इथे मुलं कोण आणि मोठे कोण, हे तरी बघा. मंडळीत, म्हणजे पंथाच्या गावोगावच्या गटात, या नियमन मंडळाच्या शिकवणीला उघड विरोध केला की बहिष्कार, सख्खी आई बोलणं टाकते. आणि आयोगापुढे मात्र 'आम्ही कोण बापडे'? घरी पाटील अन् चावडीवर पाहुणा, असं झालं हे.

शरणपूरचा:
आमच्या चर्चचा आणि यांचा संबंध नाही, ते आमच्या दारावरही पुस्तिका घेऊन येतात. पण वचनं तीच आहेत म्हणून बोलतो. दोन साक्षीदारांचं वचन बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, अध्याय १९ मध्ये आहे, आणि शेतातली मुलगी त्याच पुस्तकात, अध्याय २२ मध्ये. 'ती ओरडली, पण सोडवायला कोणी नव्हतं' असा त्याचा आशय. तीन अध्यायांचं अंतर. आयुष्यभर शास्त्र शिकवणाऱ्याने ते उत्तर स्वर्गात गेल्यावर शोधायचं ठेवलं, याचं मला वाईट वाटलं. राग नाही, वाईटच.

सीबीएसचे वकील:
दोन साक्षीदारांवरच सगळे अडलेत, म्हणून एक आकडा टाकतो. त्या १,००६ पैकी ५७९ जणांनी मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांपुढे गुन्हा कबूल केला होता. कबुली आली की दुसऱ्या साक्षीदाराचा प्रश्नच मिटतो. तरी पोलिसांत कोणी गेलं नाही. मास्तर, इथे येशूला काय विचारायचं राहिलं?

आपला पुरावा कायदा अमुक इतके साक्षीदार हवेतच असं कधी म्हणाला नाही. इंग्रजांच्या काळापासून ते कलम १३४ होतं, २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १३९ झालं. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या कोणालाही कळवणं भागच आहे. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर वर्षापर्यंत. कागदावर आपण पुढे आहोत. कोर्टाच्या पायऱ्यांवर किती पुढे, ते विचारू नका.

सिडकोतले मास्तर:
५७९ चा आकडा मला माहीत नव्हता. तो जड आहे, मान्य. पण याच साक्षीत जॅक्सन म्हणालाय की सगळ्या राज्यांत कळवणं सक्तीचं केलंत तर आमचं काम सोपं होईल. लपवणारा माणूस स्वतःहून असं म्हणेल का? यात मला तरी प्रामाणिकपणा दिसतो.

कॉलेजरोडकर:
शेजारच्या घराला आग लागलीये आणि हा म्हणतोय, बादली उचलायचा जीआर काढा!

आयोगाने २०१७ च्या अंतिम अहवालात लिहिलं की मुलांच्या प्रकरणांत हा दोन साक्षीदारांचा नियम लावू नका. त्याला कुठे कायदा लागतो? नियमन मंडळाची एक बैठक पुरे.

पंचवटीची ताई:
सकाळपासून वाचतेय, लिहू की नको करत होते.

हा नियम परदेशातल्या पंथाचाच आहे असं का धरलंय सगळ्यांनी? मी नऊ वर्षांची होते. आमच्या वाड्यामागे भजनाचा क्लास होता. एक दिवस घरी येऊन मी आजीला सांगितलं की गुरुजी पेटी शिकवताना मागून बसतात, मला जायचं नाही. आजी ताटात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अजून कोणी पाहिलं का?" मी नाही म्हटलं. एक खडा उचलून बाजूला ठेवला तिने, आणि म्हणाली, "मग बोलू नये."

आजी वाईट नव्हती. म्हणूनच मास्तर, साहेब किती नम्रपणे बोलले याने मला काही फरक पडत नाही. आजीही नम्रपणेच बोलली होती.

सिडकोतले मास्तर:
ताई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. जॅक्सनबद्दलचं मत लगेच बदललं असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण 'पालकांना बंदी नव्हती' हे माझं वाक्य मागे घेतो. तो क्लास अजून आहे का?

पंचवटीची ताई:
क्लास बंद झाला. गुरुजी गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. हॉलमध्ये फोटो आहे, गुरुपौर्णिमेला हार घालतात. मी भाजीला जाताना मालेगाव स्टँडवरून वळसा घालून जाते.