मदत हवी आहे: गणपतीला गावी जातोय, मेलला ऑटो रिप्लाय कसा लावायचा? (एक जीमेल, एक डोमेनवाला)

खतावणी:
लोकहो, जरा घाईत आहे म्हणून थेट विचारतो. मी सोसायट्यांचे हिशोब लिहायचं काम करतो, दहिसर-बोरिवली पट्ट्यात, आणि ज्यांना हा धंदा माहितीये त्यांना सप्टेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची, आणि यंदा गणपती १४ तारखेला, अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे सगळ्यांनी २७ चा रविवारच धरून ठेवलाय. नोटिसा मी निघायच्या आत वाटून होतील पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते, ताळेबंद हातात पडला की मेंबर लोक तो वाचतात (वर्षातून एकदाच वाचतात) आणि मग सिंकिंग फंडाची एफडी कुठाय, रिपेअर फंडात एवढेच का, माझ्या थकबाकीवर व्याज का लावलं, धडाधड मेल. मी कुडाळच्या पुढे आमच्या वाडीत असणार. घरात रेंज नाही, रेंजसाठी सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या माळावर) चढावं लागतं, आणि गौरी आलेल्या असताना मी सड्यावर उभं राहून व्याजाची उत्तरं देत बसलो तर आई घरात घेणार नाही.

तर मेल दोन आहेत. एक जीमेल. दुसरा वेबसाइटच्या डोमेनचा, जिथून होस्टिंग घेतलंय तिथलाच, तो ऑफिसच्या पीसीवर आऊटलुकमध्ये उघडतो. जीमेलमध्ये व्हेकेशन रिस्पाँडर सापडला पण चालू करायला हात धजत नाहीये कारण दोन सोसायट्यांचे गूगल ग्रुप आहेत, त्यावर कोणी काही टाकलं की माझं "मी रजेवर आहे" सगळ्या बिल्डिंगला जाणार का? आणि आमचे एक चेअरमन एका विषयाचे तुकडे करून दिवसात सात-आठ मेल टाकतात, त्यांना तितक्या वेळा उत्तर जाणार का? आऊटलुकचं तर वेगळंच, व्हिडिओत दाखवतात फाइलमध्ये जा, ऑटोमॅटिक रिप्लायज दाबा, माझ्याकडे ते बटणच नाही.

फास्ट_लोकल:
आऊटलुकमध्ये बटण नसलं तरी होतं. नवीन मेल उघड, मजकूर लिही, आऊटलुक टेम्प्लेट म्हणून सेव्ह कर, मग रूल्समध्ये जाऊन "रिप्लाय युझिंग अ स्पेसिफिक टेम्प्लेट" निवड. आमच्याकडे असंच चालतं.

सर्व्हरवाली:
@फास्ट_लोकल, चालतं पण पीसी चालू आणि आऊटलुक उघडं असेल तोपर्यंतच. तो रूल आऊटलुक स्वतः चालवतं, सर्व्हर नाही. खतावणी भाऊ गावी जाताना ऑफिसचा मेन स्विच पाडून जाणार ना? मग उत्तर पाठवणार कोण. शिवाय विंडोजला रात्री अपडेटची हुक्की आली आणि पीसी रीस्टार्ट झाला तरी संपलं.

बटण दिसत नाही त्याचं कारण सरळ आहे, ती सोय एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिसांसाठीचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अकाउंटला असते. तुमचं साधं आयमॅप किंवा पॉप असणार, म्हणजे आऊटलुक होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरून मेल फक्त आणून दाखवतं. तिथे ऑटो रिप्लाय सर्व्हरवरच लावायचा. होस्टिंगवाल्याने सीपॅनल (होस्टिंगच्या सेटिंग्जचं वेबपान) दिलं असेल तर लॉगिन करून ईमेलच्या भागात ऑटोरिस्पाँडर्स बघा. त्यात इंटरव्हल म्हणून एक रकाना आहे, तासांत भरायचा, म्हणजे एकाच पत्त्याला एकदा उत्तर गेल्यावर पुढचं किती तासांनी जाईल ते. तिथे शून्य ठेवलंत तर प्रत्येक मेलला उत्तर जाईल आणि चेअरमनसाहेबांना खरंच सात-आठ जातील. ७२ टाका, तीन दिवसांची निश्चिंती. स्टार्ट-स्टॉपच्या तारखा तिथेच आहेत. मजकूर मराठीत लिहिणार असाल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ च राहू दे, नाहीतर समोरच्याला चौकोन दिसतील.

जीमेलला हे काही करावं लागत नाही. एका माणसाला एकदाच उत्तर जातं, चार दिवसांनी त्याने परत मेल टाकला आणि रिस्पाँडर तेव्हाही चालू असला तरच दुसरं जातं. ग्रुपवर आलेल्या मेलला आणि स्पॅममध्ये पडलेल्याला जीमेल उत्तर देत नाही. आणि एखाद्या सेक्रेटरीने ग्रुप न वापरता शंभर पत्ते टू मध्ये कोंबले असतील तरी उत्तर फक्त त्या सेक्रेटरीला जाईल, रिप्लाय ऑल होत नाही. निर्धास्त चालू करा.

खतावणी:
ताई, जीव भांड्यात पडला. सीपॅनलचा पासवर्ड ज्या मुलाने वेबसाइट केली त्याच्याकडे आहे, आजच फोन करतो. एक शंका, तारखेचं कसं? माझी तुतारी एक्स्प्रेस आहे, दादरहून १२ तारखेची. जीमेल किती वाजता सुरू होतं?

माजी_चाकरमानी:
आधी तिकिटाचं अभिनंदन स्वीकार! साठ दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळी काय होतं ते कोकणातल्या माणसाला विचारा. बाकी तुतारी १२ ची म्हणजे ११ च्या रात्री बारा वाजून पाचला, हे घरच्यांना नीट सांगून ठेव बाबा, आमच्या शेजारचं अख्खं कुटुंब १२ च्या रात्री बॅगा घेऊन दादरला उभं होतं.

सर्व्हरवाली:
काकांनी सांगितलं तेच इथे लागू. जीमेल पहिल्या दिवशी रात्री बारा वाजता चालू होतं आणि शेवटच्या दिवशी ११:५९ ला बंद. पहिला दिवस १२ टाका, गाडी हलायच्या पाच मिनिटं आधी रिस्पाँडर चालू. शेवटचा दिवस मात्र परत यायच्या तारखेच्या एक दिवस पुढचा टाका. आल्या आल्या लोकांनी "तुम्ही आलात ना, मग उत्तर का नाही" सुरू करण्याआधी साठलेलं वाचायला तेवढा वेळ मिळतो. मी नेहमी असंच करते.

खतावणी:
मजकूर असा लिहिलाय, बघा बरं:
"नमस्कार, मी दि. १२ ते २० सप्टेंबर गणपतीनिमित्त सहकुटुंब गावी जात असून घर व ऑफिस बंद राहील. फोन लागणार नाही. तातडीच्या कामासाठी माझ्या असिस्टंटला फोन करावा." आणि खाली तिचा मोबाइल नंबर.

माजी_चाकरमानी:
अरे घर बंद आहे हे कशाला जगाला सांगतोस! तुझ्या मेलवर कोण कोण लिहितं तुला तरी माहितीये का, लोन विकणारे, टाइल्सवाले, लिफ्टवाले. चोराला तारखांसकट आमंत्रण. "सहकुटुंब" तर आधी काढ.

सर्व्हरवाली:
काकांशी सहमत. आणि त्या मुलीचा नंबरही काढा, सभेच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या बिल्डिंगा तिला फोन करतील. तिला जीमेलमध्ये डेलिगेट करा, सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या भागात "ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट" आहे, कॉम्प्युटरवरूनच होतं. ती तुमचे मेल वाचू शकते, उत्तर देऊ शकते, पासवर्ड द्यावा लागत नाही आणि ती तो बदलूही शकत नाही. नेमकी तारीख फक्त ओळखीच्यांनाच कळावी असं वाटत असेल तर रिस्पाँडरखाली फक्त कॉन्टॅक्ट्समधल्या लोकांना उत्तर पाठवायची खूण आहे, ती करा. पण तुमच्या धंद्यात मेंबर नवीन पत्त्यावरून लिहितात, म्हणून मी ती न करता मजकूरच साधा ठेवला असता.

फास्ट_लोकल:
दोन ऑटो रिप्लाय एकमेकांना उत्तरं देत बसले तर? एका ठिकाणी बघितलंय मी, तक्रारीच्या मेलला "तुमची तक्रार नोंदवली" असं उत्तर यायचं आणि समोरून रजेचं उत्तर, त्यावर पुन्हा नवीन तक्रार क्रमांक. सोमवारी इनबॉक्स उघडला तर तुडुंब.

सर्व्हरवाली:
हा आजार मेलइतकाच जुना. युनिक्सवर व्हेकेशन नावाचा प्रोग्राम होता, ४.३ बीएसडी ह्या युनिक्सच्या आवृत्तीत आला, १९८६ साल, तोसुद्धा एका माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर द्यायचा, ते ह्याचसाठी. २००४ मध्ये आरएफसी ३८३४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) आलं, त्यात सगळं लिहून ठेवलंय: आपोआप जाणाऱ्या उत्तरावर ऑटो-सबमिटेड असा शिक्का मारा, आणि तसा शिक्का असलेल्या मेलला उलट उत्तर देऊ नका. आपलं नाव टू किंवा सीसीत नसेल तर गप्प बसा, हेही त्यात आहे. तुम्ही बघितलंत ती सिस्टीम बहुतेक शिक्काच बघत नसावी. असल्या येड्या सिस्टीमपुढे इंटरव्हलच कामी येतो, म्हणून म्हटलं शून्य नको. वीजबिल, बँकेच्या अलर्टचे जे नो-रिप्लाय पत्ते असतात त्यांना उत्तर गेलं तर फार तर बाउन्स येईल, म्हणजे मेल पोचला नाही असा निरोप, घाबरू नका.

खतावणी:
बदलला मजकूर:
"नमस्कार, आपला मेल मिळाला. २१ सप्टेंबरपर्यंत उत्तरास उशीर होईल. वार्षिक सभेसंबंधी प्रश्न असल्यास विषयात सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहून पाठवावा, असे मेल आधी पाहिले जातील."
खाली हेच दोन ओळी इंग्रजीत, आमच्याकडे गुजराती मेंबर बरेच.

आता नवीन भानगड. आजची तारीख टाकून ट्रायल घेतली, बायकोच्या मेलवरून टाकला, उत्तर आलं. दुसरा टाकला, नाही आलं, ठीक, चार दिवसांचा नियम. मग मजकुरात एक शब्द सुधारला आणि तिने पुन्हा टाकला तर परत आलं! बिघडलं का?

सर्व्हरवाली:
नाही हो. मजकूर बदलला की जीमेल हिशोब पहिल्यापासून धरतं, ज्यांना आधी उत्तर गेलंय त्यांनाही नवीन जातं. म्हणून जी काय शुद्धलेखनाची हौस आहे ती ११ च्या आत फेडून घ्या, सड्यावर जाऊन मजकुराला हात लावू नका. आणि ट्रायलची तारीख काढून १२ टाकली ना, ते बघा.

खतावणी:
काढली. सीपॅनलही मिळालं, ७२ टाकलंय. असिस्टंटला डेलिगेटची रिक्वेस्ट गेली, तिने ॲक्सेप्ट केली की झालं. चेअरमनना मात्र मी स्वतः फोन करून सांगतो, ते ऑटो रिप्लायलाही उत्तर देतील.