शाळेतून बाहेर पडताना नेमकं काय घेऊन निघालात? अनुभव सांगा

काल लेकीच्या शाळेतून एक कागद आला. शाळा सोडताना मुलांमध्ये काय काय असावं याची यादी, आणि पालकांनी त्यातल्या पाचांवर खूण करायची. चिकित्सक विचार, संवाद, सहकार्य, चिकाटी, जबाबदारी वगैरे. प्रामाणिकपणापाशी आले आणि पेन तिथेच थांबलं, एकदम केमिस्ट्रीची लॅब आठवली.

टायट्रेशन चालू होतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि किती लागलं ते लिहायचं. आजूबाजूला सगळ्यांचं १०.२, १०.३ आणि माझं १०.८. मी गुपचूप खोडून १०.३ केलं. बाई मागेच उभ्या. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ब्युरेटने जे दाखवलं ते लिही. ते तसं का आलं हे आपण शोधू." मग परत भरली, नीट बघितलं तर तोटीच्या खाली हवेचा बुडबुडा अडकलेला. तो मधेच सुटला की तेवढी जागा द्रावणाने भरते आणि रीडिंग उगाच जास्त दिसतं. बाईंनी १०.८ तसंच ठेवायला लावलं आणि खाली कारण लिहून घेतलं. आजही ऑफिसात आकडे जुळत नसले की मी आधी आहे ते लिहिते, मग शोधायला बसते. हे मला त्या दिवशी मिळालं.

तुम्हाला काय मिळालं? आणि काय मिळायला हवं होतं पण राहून गेलं?

मध्यमा: आत्ता भांडी पडलीयेत, रुमाल टाकून ठेवते. रात्री लिहीन.

पायवाट: "सर मला नाही समजलं" हे चाळीस जणांसमोर म्हणणं. आठवीत एकदाच म्हणालो आणि सर म्हणाले बरं झालं विचारलंस, आणि मागून तीन जण म्हणाले आम्हालाही नाही समजलं. बस. अजूनही मीटिंगमध्ये मीच पहिला हात वर करतो.

खडू_फळा: मी शिकवते म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या. या याद्या काही नवीन नाहीत, आम्हाला ट्रेनिंगमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं तोंडपाठ असायची, त्यात समानुभूती आहे, निर्णय घेणं आहे, ताणाचं समायोजन आहे. १९९६ च्या युनेस्कोच्या अहवालात तर चारच खांब होते: जाणून घ्यायला शिकणं, करायला शिकणं, एकत्र जगायला शिकणं आणि स्वतःला घडवायला शिकणं. मला तेच आवडतात, कारण लक्षात राहतात. अडचण पुढे येते. समानुभूतीला मार्क कसे देणार? २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांचं सहकार्य तपासलं होतं, पण प्रत्येकासमोर सोबती म्हणून कॉम्प्युटरमधली पात्रं होती, म्हणजे सगळ्यांना सारखीच संधी. परीक्षा म्हणून ते बरोबरच आहे. पण खरा सोबती रुसतो, कामाला दांडी मारतो, आणि तेव्हा काय करायचं ते वर्गातच शिकावं लागतं. म्हणून मी गटकामानंतर प्रत्येकाला एकच प्रश्न लिहायला देते: तुझ्या गटातल्या दुसऱ्या कोणी काय केलं? मुलं इतकं बारकाईने लिहितात! एकीने लिहिलं होतं, "तो काही बोलला नाही पण आमचं भांडण झालं तेव्हा त्याने तक्ता फाटू दिला नाही." हे मी कुठल्या रकान्यात भरू?

सांजवेळ: तक्ता फाटू दिला नाही 😢 किती गोड. मी तसलीच होते, गप्प गप्प. रिपोर्टवर कायम "वर्गात बोलत नाही" असा शेरा. संवादकौशल्य म्हणजे फक्त बोलणं असं का धरतात? ऐकणं पण त्यातच येतं ना. तो शेरा बघून आई रडायची.

पायवाट: सांजवेळ ताई, वाईट वाटलं वाचून. तुम्ही इथे किती छान लिहिता.

सांजवेळ: थँक्यू दादा. लिहायला जमतं मला, ते कुणी विचारलंच नाही.

भिरभिरं: मला बुडबुड्याचंच पडलंय. आमच्यात काही पोरं फनेल काढायचीच विसरायची, वरून थेंब पडत राहायचे आणि रीडिंग गंडायचं.

धागाकर्ती: हो हो! आणि शेवटचा थेंब जास्त पडून सगळं गडद गुलाबी व्हायचं. फिकट गुलाबीवर थांबायला संयम लागतो, तो पण यादीत होता.

कोरी_पाटी: मला राहून गेलेलं सांगायचंय. हरायला नाही शिकवलं. दहावीपर्यंत पहिला नंबर, कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका विषयात नापास झालो आणि आठ दिवस घरी सांगितलंच नाही. पेपर चुकला तर काय करायचं, कुणाकडे जायचं, काहीच माहीत नव्हतं. शेवटी एका सीनियरने शेजारी बसवून उत्तरपत्रिका मागवायचा अर्ज लिहून घेतला, ओळन्‌ओळ. चिकाटी वगैरे शब्द ऐकले होते हो, पण अर्ज कसा लिहायचा ते त्याने शिकवलं.

खडू_फळा: कोरी_पाटी, तुमचं हे उद्या वर्गात सांगू का? नाव न घेता.

कोरी_पाटी: जरूर सांगा. अर्जाचा नमुना पण लिहून द्या त्यांना.

मध्यमा: आले. भांडी झाली. सगळं वाचून काढलं आणि आता माझंच काय लिहायचं ते सुचेना. धागाकर्ती, शेवटी पाच खुणा कशावर केल्यात?

धागाकर्ती: अजून चारच झाल्यात. पाचवी लेकीला विचारून करणार, ती झोपलीये.