चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर घर सोडलंत की थांबलात? (अनुभव)

खाडीकाठची, ऐरोली

काल मागच्या पत्र्यावर ताडपत्री टाकताना नवऱ्याशी परत तोच जुना वाद झाला, म्हणून धागा काढतेय. ३ जून २०२०, निसर्ग. आमचं घर तळमजल्यावर, मागच्या भिंतीपलीकडे खारफुटी आणि मग खाडी. सासूबाई ७८ वर्षांच्या, वॉकरवर. टीव्हीवर सारखं चाललेलं की दुपारी अलिबागजवळ धडकणार, ताशी १०० ते १२० चा वारा. जायचं तर समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, माणसं एकदम घरच्यासारखी, पण त्यांचा मुलगा तेव्हा होम क्वारंटाइन! दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुवायचो ते दिवस, आणि ७८ वर्षांच्या बाईला तिथे न्यायचं?

सासूबाईंनी विषयच संपवला. "२६ जुलैला पाणी ओट्याला लागलं तेव्हा हलले नाही, आता काय हलतेय." मग काय, त्यांच्या दिवाणाखाली चार चार विटा, फ्रीज टेबलावर, आणि रिकामा सिलिंडर दोरीने खिडकीच्या ग्रिलला बांधला, कारण २००५ ला तो घरभर तरंगत फिरला होता आणि रात्रभर भिंतींवर ठण ठण वाजत होता, तो आवाज अजून माझ्या डोक्यात आहे.

पाणी पायरीपर्यंतच आलं. बदामाचं झाड पडलं, तेवढंच. नवरा अजून म्हणतो, बघ, थांबलो तेच बरोबर. मला नाही पटत. वादळ खाली रायगडात गेलं म्हणून वाचलो. जरा वर सरकलं असतं तर वॉकर घेऊन कुठून बाहेर काढणार होतो त्यांना? तुमचं काय झालं सांगा.

सुपारीवाला, ठाणे

ताई, तुमच्याकडे आलं नाही ते आमच्याकडे आलं. आम्ही पाचपाखाडीत राहतो. कोरोनाला घाबरून मे महिन्यात ई-पास काढून गावी गेलो, श्रीवर्धनला. म्हणजे ठाण्यातून पळून बरोब्बर वादळाच्या तोंडात, हसा खुशाल.

आदल्या दिवशी दवंडी दिली, कच्च्या घरातल्यांनी शाळेत चला. आमचं घर जांभ्याचं, भिंती दीड हात जाड, त्यामुळे बाबा म्हणाले आपण कच्च्यातले नाही. भिंती पक्क्याच होत्या हो, पण वर कौलं होती ना! साडेअकरा-बाराच्या सुमारास पहिली ओळ उडाली, एकेक कौल पत्ते पिसल्यासारखं उठत होतं. मग आई, बाबा, मी आणि बायको, डोक्यावर पाट धरून (खरंच पाट, जेवायला बसायचे ते) शेजारच्या काकांच्या स्लॅबच्या घरात पळालो. मध्ये तीस-चाळीस पावलांचं अंगण, आणि नारळ नुसते पडत नव्हते, आडवे येत होते. जायचं तर सकाळीच जायला हवं होतं, ते तीस पावलं चालणं हाच सगळ्यात मोठा मूर्खपणा.

संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता, जो आयुष्यात कधी दिसला नव्हता, मध्ये सुपारी उरलीच नव्हती. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "आता लावली तर धरेपर्यंत मी असेन का." पुढे कित्येक दिवस लाइट नाही, रेंज नाही, पत्रे मिळेनात. ठाण्यातल्या बहिणीला आम्ही जिवंत आहोत हे तिसऱ्या दिवशी कळलं.

दर्यावरचा, दिवाळे

आमच्यासाठी प्रश्न घराचा नसतो, होरीचा असतो. तौक्ते, १७ मे २०२१. दोन दिवस आधी सांगून गेले होते बाहेर जाऊ नका, सगळ्यांनी होड्या खाडीत आत आणल्या. घरच्यांना वरच्या गल्लीत मामाकडे पाठवलं आणि आम्ही तिघे रात्रभर जेट्टीवर. लोक म्हणतात वेडे आहात काय. दोर ताणला की ढिला करायला लागतो, नाहीतर भरतीला होडी वर येते आणि खुंट उपटते नाहीतर दोर तुटतो, मग ती बाजूच्या पाच फोडते. दोन होड्यांमध्ये जुने टायर टाकले तरी घासून फळी गेलीच. बरोबर केलं म्हणत नाही, पण घरात झोप लागली नसती.

भरती-ओहोटी, वाशी

एक सांगू का, नवी मुंबईत वाऱ्याआधी भरतीची वेळ बघा. सिडकोने भरतीचं पाणी शहरात घुसू नये म्हणून होल्डिंग पाँड (पाणी साठवायचे तलाव) आणि झडपा केल्यात. भरतीला झडप बंद, मग वरून पडलेला पाऊस पाँडमध्येच थांबणार. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की तळमजलेवाल्यांनी उगाच शौर्य दाखवू नये.

आजी ऑनलाइन, नौपाडा

मी अमेरिकेत टँपाला (फ्लोरिडा) लेकीकडे होते, ऑक्टोबर २०२४, मिल्टन. तिकडे हरिकेन म्हणतात, जात एकच. तिथे ए, बी असे झोन असतात आणि ते वाऱ्यावर नाही, समुद्राचं पाणी कुठवर येईल त्यावर पाडलेले. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा, असं तिथले लोक म्हणतात. लेकीचं घर झोनबाहेर म्हणून जावई म्हणाले थांबू, शिवाय पेट्रोल पंप कोरडे, हायवेवर रांगा. मी मात्र दोन वेळा बॅग भरून सोफ्यावर बसले होते. शेवटी खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गाद्या टाकून मी रामरक्षा म्हणत बसले, नातू हेडफोन लावून गाढ झोपला. ९ तारखेच्या रात्री ते दक्षिणेला ‘सिएस्टा की’ नावाच्या बेटावर धडकलं आणि टँपाच्या खाडीतलं पाणी आत येण्याऐवजी उलट बाहेर ओढलं गेलं. पण दोनच आठवडे आधी हेलेन वादळात तिथेच किनाऱ्याच्या घरांत पाणी शिरलं होतं आणि त्यांचे भिजलेले सोफे अजून रस्त्याकडेला पडलेले, ते बघून जे निघून गेले त्यांना भित्रं कोण म्हणेल.

अकरावा मजला, घोडबंदर

आम्हाला पाण्याची भीती नाही, तौक्तेला समोरच्यांची कुंडी आमच्या काचेत आली. सोसायटीच्या ग्रुपवर कुंड्या आत घ्या म्हणून अठरा मेसेज आणि त्याला उत्तर म्हणून अठरा अंगठे. कुंडी कुणीच घेतली नाही.

खाडीकाठची, ऐरोली

@सुपारीवाला, तुमचं वाचून नवरा पहिल्यांदा गप्प बसला. शेवटी एवढं ठरलंय की ऑरेंज अलर्ट आला की सासूबाई आदल्या संध्याकाळी वर जाणार, उजेडात. त्यांची एकच अट आहे, देव्हारा पण वर न्यायचा. तो सागवानी आहे आणि वर लिफ्ट नाही, तेव्हा चार माणसं आतापासून शोधतेय.