सांगोल्याकडच्या हस्तकला दुकानातून घोंगडी घेताना काय बघायचं?

सूतकाडी: सोलापूरहून सांगोल्याच्या बाजूला जायचं आहे. तिकडे गावातलीच माणसं पाळीपाळीने, पगार न घेता हस्तकलेचं दुकान चालवतात. एक घोंगडी आणि जमल्यास एक गोधडी घ्यायची आहे. घोंगडी अस्सल लोकरीची आहे हे कसं ओळखायचं? भाव करावा का?

काळी_लोकर: घोंगडीची दशी, म्हणजे काठाला सुटे सोडलेले धागे, बघा. तिथला एक धागा दुकानदाराला विचारून तोडून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो, थंड झाल्यावर कडक गोळी राहते. भेसळीच्या धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासा.

मग रंग. दख्खनी मेंढीची काळी लोकर एकसारखी काळी नसते, उन्हात धरली की तपकिरी झाक दिसते. सगळीकडे सारखाच गडद काळा असेल तर रंगवलेली असण्याची शक्यता जास्त. पांढरा ओला रुमाल जोरात घासून बघा.

नवी घोंगडी ताठ आणि टोचरी लागते, त्याला घाबरू नका. चिंचोक्याची खळ दिलेली असते, वापरात ती हळूहळू मऊ होते. मऊपणा बघून निवडायला गेलात तर भेसळीचीच हातात येईल. आणि टेप सोबत न्या. हातमागावरच्या दोन घोंगड्या मापाने सारख्या निघत नाहीत.

पाळीवाली: अशा दुकानात माल बहुतेक वेळा करणाऱ्यानेच ठेवलेला असतो आणि विकला गेल्यावर त्याला पैसे मिळतात. चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव किंवा खूण आणि किंमत असते. दुकानाचा वाटा भाडं आणि वीजबिलापुरता, त्यामुळे तुम्ही पाडलेला भाव थेट विणणाऱ्याच्या किंवा टाके घालणारीच्या हातातून जातो. घासाघीस करू नका, ही कळकळीची विनंती. घोंगडी कोणी विणली, किती वाटा कोणाला जातो, हे मात्र जरूर विचारा. नीट चालवलेल्या दुकानात वहीच काढून दाखवतात.

निघण्याआधी फोन करा. पाळीवरच्या माणसाला घरचं काम निघालं की दुकान बंद राहतं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. आषाढीच्या आठवड्यात तर नकोच: पंढरपूरच्या वाटेवरची निम्मी माणसं वारकऱ्यांच्या सेवेत असतात. रोख जवळ ठेवा, सुट्टे पैसे ठेवलेत तर फारच बरं.

धावदोरा: गोधडीबद्दल. उलटी करून बघा. टाके दोन बोटांपेक्षा लांब असले तर धुतल्यावर आतले थर सरकून गोळा होतात. हाताचा टाका थोडा कमीजास्त असतो, मशीनचा ठरावीक मापाचा. आतला थर कोणत्या कापडाचा ते विचारा. जुन्या सुती लुगड्याची गोधडी घाम शोषते, पॉलिस्टर साडीची नाही.

जाता जाता एक: तिथे सोलापुरी चादर ठेवली असेल तर ती हस्तकला समजून घेऊ नका. ती जकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणारी यंत्रणा जोडलेल्या मागावर, आता बहुतेक यंत्रमागावर विणली जाते. तिला भौगोलिक मानांकन आहे, वस्तू उत्तम आहे, पण ती सोलापुरातच घ्या.

सूतकाडी: घोंगडी मशीनमध्ये धुतली तर चालेल?

काळी_लोकर: नाही. गरम पाणी आणि घुसळण लागली की लोकर आटते आणि गच्च होते. डाग असेल तेवढाच भाग थंड पाण्यात रिठ्याने धुवा. ओली घोंगडी दोरीवर टांगली तर वजनाने लांबते, सावलीत खाटेवर पसरा. पावसाळा संपला की उन्हात घालून झटका, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर ओल कोंडते, आणि न झटकता पडून राहिली की कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते.