मदत हवी आहे : घरातले पुरुष पितात आणि बायका गप्प होतात, हे एकाच मुळाचे असते का?

अबोली
नमस्कार. मला नेमके उत्तर हवे आहे, त्यामुळे ‘मन प्रसन्न ठेवा’ या जातीचे सल्ले कृपया देऊ नयेत. माझे आजोबा दारूने गेले, बाबा दारूने गेले आणि आता धाकटा भाऊ त्याच वाटेवर आहे. आत्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, पण ती वर्षातून दोनतीन महिने कोणाशी बोलत नसे. व्यसन आणि नैराश्य यांचे आनुवंशिक मूळ एकच असू शकते, असे वाचनात आले. ते खरे आहे का, रक्ताच्या चाचणीतून ते कळते का आणि गोव्यात ती चाचणी कुठे होते, एवढेच सांगावे. शुक्रवारपर्यंत कळले तर बरे.

झुआरीपार
चाचणी कोणाची करायची आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. भावाचे वय काय, तो रोज पितो की सुट्टीच्या दिवशी, सकाळी हात कापतात का, आईच्या माहेरी असे कोणाला होते का, आणि शुक्रवारी नेमके काय आहे? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर तुमच्या काही कामाचे नसेल.

साखळीवाला
जनुके वगैरे राहू द्या. आमच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम असेपर्यंत, म्हणजे मार्च ते मे, बागायतीतली माणसे उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, घेत आणि पाऊस लागला की बहुतेकांचे आपोआप सुटे. आता प्रत्येक नाक्यावर बारमाही दुकान आहे. दोन पिढ्यांत लोकांचे रक्त बदलले नाही, दुकाने वाढली.

वेलची
माझ्या मावसदिरांना जेवणातून दारू सोडवायची गोळी देत होतो, त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. वरणात चव लागत नाही. नाव हवे असल्यास निरोप पाठवा.

झुआरीपार
वेलची, असे कोणी करू नये आणि येथे सुचवूही नये. तुम्ही म्हणता ती गोळी डायसल्फिरमची असेल, तर ती पोटात असताना माणूस प्यायला की रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी कोंडून ठेवून एका दिवसात तोडली, तर फिट येऊ शकते आणि दोनतीन दिवसांत भ्रमही होऊ शकतो.

अबोली
मी गोळीबद्दल विचारले नव्हते. भाऊ २७ वर्षांचा आहे, रोज संध्याकाळी घेतो, हात कापत नाहीत. आईच्या माहेरी कोणी पीत नाही. शुक्रवारचा या प्रश्नाशी संबंध नाही. एकच मूळ, होय की नाही?

रेषा
काही अंशी होय, पण तुम्हाला हवी आहे तशी चाचणी नाही; गोव्यात नाही आणि इतरत्रही नाही. अमेरिकेत १९८९ पासून मद्यपाशाच्या आनुवंशिकतेचा एक मोठा कुटुंब-अभ्यास चालू आहे, त्याला कोगा म्हणतात. त्यात २००१ साली पहिल्या गुणसूत्राचा एक भाग आणि २००४ साली सातव्या गुणसूत्रावरचे सीएचआरएम२ हे जनुक मद्यपाश आणि नैराश्य या दोहोंशी जोडले गेले. तुमच्या वाचनात आले ते बहुधा हेच. परंतु नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून चित्र पसरट झाले : २०१८ सालच्या एका अभ्यासात केवळ नैराश्याशी निगडित ४४ ठिकाणे सापडली आणि प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ होता. जुळ्यांच्या अभ्यासांवरून मद्यपाशात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५० टक्के आणि नैराश्यात ३७ टक्क्यांच्या आसपास धरतात. मात्र हे आकडे लोकसमूहातील माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत, आणि तुमच्या भावाचे अर्धे व्यसन आजोबांकडून आले असा हिशेब त्यावरून मांडता येत नाही.

तुम्ही शीर्षकात लिहिलेले वाक्य मात्र जुने आहे. जॉर्ज विनोकुर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात, ज्या घरांत पुरुषांना व्यसन आणि स्त्रियांना नैराश्य दिसते अशा घरांतला आजार वेगळा मोजून पाहिला होता.

साखळीवाला
म्हणजे दुकानांचा काहीच दोष नाही, असे म्हणायचे आहे का?

रेषा
तसे मी कुठे लिहिले? दुकान नसेल तर जनुक काय पिणार? पण १९७३ साली डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास झाला. जन्मदात्याला मद्यपाश होता असे मुलगे परक्या घरी वाढूनही त्यांच्यात मद्यपाशाचे प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळजवळ चौपट निघाले.

झुआरीपार
रेषाताई, हे अर्धेच झाले. त्याच संशोधकांनी पुढे १९७७ साली मुलींकडे पाहिले. मद्यपाशी पालकाच्या घरातच वाढलेल्या मुलींत नैराश्य अधिक आढळले, पण दत्तक गेलेल्या मुलींत ते इतरांहून अधिक नव्हते. म्हणजे मुलींच्या बाबतीत रक्तापेक्षा ते घर अधिक बोलते, असा अर्थ निघू शकतो.

रेषा
निघू शकतो, पण तो अभ्यास लहान होता. १९९३ साली व्हर्जिनियातील जुळ्या बहिणींच्या मोठ्या अभ्यासात दोन्ही आजारांचा काही आनुवंशिक भाग सामाईक निघाला. तो मर्यादित आहे, पण आहे. घर की रक्त, असा निवाडा अबोली यांना आज करायचाच नाही.

माटोळी
मी या वादात पडत नाही. माझे वडील रोज रात्री पडवीत बसून पीत आणि आम्ही आत पुस्तके उघडून, पान न उलटता, त्यांचा खोकला ऐकत असू. आवाज चढला तर कोणी कुठल्या खोलीत जायचे, हे आम्हा भावंडांत ठरलेले होते. अबोलीताई, तुम्ही भावाबद्दल दोन ओळी लिहिल्या, आत्याबद्दल एक, आणि स्वतःबद्दल एकही नाही. ‘बायका गप्प होतात’ हे अनेकवचन आहे. दुसरी बाई कोण?

साखळीवाला
असले प्रश्न उघड्यावर विचारू नयेत.

अबोली
दुसरी मी. लिहून टाकते, कारण तसेही येथे नाव कोणाला ठाऊक नाही.

आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी परत आली, ती आमच्याकडेच राहिली. मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायची. आई चहाचा पेला ठेवून यायची आणि तासाभराने तो तसाच उचलून आणायची. वर साय धरून तिला सुरकुती पडलेली असायची. घरात याला आजार म्हटलेले मी ऐकले नाही. ‘तिचे दिवस आलेत’ असे म्हणत. बाबांच्या पिण्यालाही आजार म्हणत नसत, कारण ते कामावर जात असत. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर तशीच साय धरलेला चहा मला दिसला आणि मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारले, घरात कोणाला मानसिक आजार किंवा व्यसन आहे का? मी सरळ ‘नाही’ म्हणाले. शुक्रवारी त्यांच्याकडे दुसरी खेप आहे. चाचणी असती तर त्यांना कागदच दाखवता आला असता.

रेषा
कागद दाखवताच येईल. आजी-आजोबांपासून सुरुवात करून प्रत्येकापुढे लिहा : काय होत असे, कोणत्या वयात, किती काळ, कोणते औषध लागू पडले. आज कोणत्याही जनुकीय तपासणीपेक्षा हा कागद डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडतो. मागच्या खेपेला ‘नाही’ म्हटले होते, हेही सांगा. त्यांना असे रोज ऐकावे लागते. आणि शुक्रवारच्या आधी रात्र अवघड वाटली, जीव नकोसा झाला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो दिवसरात्र चालतो.

झुआरीपार
भावासाठी एवढेच : पिणे चालू असताना नैराश्याचे निदान पक्के होत नाही, कारण दारूमुळे आलेली उदासी पिणे थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळदा ओसरते. त्याला बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात नेता येईल. तो आत्ता तयार नसेल, तरी समुपदेशनाने फरक पडतो. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून ३७७ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात ते दिसले आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यासाठीही तिथे असाच वेगळा अभ्यास झाला होता.

वेलची
गोळीचे लिहिले ते मागे घेते. दिरांना त्या महिन्यात दोनदा घेरी आली होती. आम्हाला ते पित्त वाटले होते.

अबोली
काल कागद केला. आईला विचारले तर ती म्हणाली, तुझी आत्या आजारी कुठे होती, ती नुसती बसायची. मग आत्यालाच फोन लावला, ती आता म्हार्दोळला चुलतभावाकडे असते. मी नावे वाचून दाखवली : आजोबा, बाबा, भाऊ, ती, मी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या आईचेही लिही.” पुढचे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही; आजीच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे.

शुक्रवारी अकराची वेळ मिळाली आहे. भाऊ गाडीने सोडतो म्हणाला, पण मी फोंड्याहून बसनेच जाईन.